सव्वासात कुठे जातो?

६४, २३२, ०, ०. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याच्या सांडपाण्याचा पीएच सव्वासात असेल, तर तो मोजणारं यंत्र तारेवरून पुढच्या पेटीकडे हे चार आकडे पाठवतं. ‘७.२५’ असं त्या तारेवर कुठेही लिहिलेलं नसतं. चार बाइट येतात, आणि त्यांतून सव्वासात बाहेर काढणं हे पेटीतल्या प्रोग्रॅमचं काम. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पॉइंटरचा प्रकार नीट निवडला असेल, तर पडद्यावर ७.२५ उमटतं. निवड चुकली तर कधी शून्य दिसतं, कधी एकशे आठ कोटींच्या पुढचा आकडा, तर कधी ‘हा आकडाच नाही’ असा शेरा. पाणी तेच, यंत्र तेच आणि तारही तीच.

बोईसर स्टेशनवर उतरून एमआयडीसीकडे वळलं की रसायनं, औषधं, कापड आणि पोलाद यांचे कारखाने सुरू होतात. इथलं सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रात जातं, आणि प्रक्रिया झालेलं पाणी वाहिनीतून नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. सातपाटी, मुरबे, नवापूर ही मासेमारीवर जगणारी गावं याच किनाऱ्यावर आहेत. समुद्रात आणि खाड्यांत काय सोडलं जातंय, हा त्यांच्यासाठी पोटाचा प्रश्न आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये तो राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. त्याआधी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अति-प्रदूषणकारी उद्योगांच्या १७ गटांना आणि सामूहिक प्रक्रिया केंद्रांना सतत मोजणारी यंत्रं बसवून त्यांचे आकडे थेट मंडळांना पाठवण्याचे आदेश दिले होते. सर्वसाधारण मानकांनुसार बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ या दरम्यान असायला हवा. म्हणजे त्या चार बाइटांचा अर्थ लावणं हे नुसतं तांत्रिक काम नाही. त्या आकड्यावर नोटीस निघू शकते, आणि खोट्या निर्धास्तपणाने खाडीतला मासाही मरू शकतो.

संगणकाची मेमरी म्हणजे क्रमांक दिलेल्या प्लॉटांची एक लांबच लांब रांग. एका प्लॉटवर एक बाइट मावतो, ० ते २५५ मधली एक संख्या. पॉइंटर म्हणजे यातल्या एखाद्या प्लॉटचा नंबर. पण नुसता नंबर कळून भागत नाही. तिथून पुढे किती प्लॉट एकत्र धरायचे आणि आत जे आहे ते काय समजून वाचायचं, हेही ठरावं लागतं, आणि ते पॉइंटरचा प्रकार ठरवतो. ‘फ्लोट’चा पॉइंटर म्हणतो, चार बाइट घे आणि त्यांना दशांश संख्या समज. ‘इंटिजर’चा पॉइंटर तेच चार बाइट पूर्णांक म्हणून वाचतो. ‘कॅरेक्टर’चा पॉइंटर एका वेळी एकच बाइट उचलतो. ‘व्हॉइड’ पॉइंटर फक्त नंबर सांगतो, आत काय आहे याबद्दल अवाक्षर काढत नाही.

बाइट स्वतः काही सांगत नाहीत. ६४, २३२, ०, ० हे दशांश संख्या म्हणून, मोठा बाइट आधी या क्रमाने वाचले तर सव्वासात होतात. तोच क्रम ठेवून पूर्णांक म्हणून वाचले तर १,०८,८९,४६,१७६ होतात. बहुतेक डेस्कटॉप संगणक आणि छोटे नियंत्रक लहान बाइट आधी असं धरून चालतात. त्या उलट क्रमाने पूर्णांक वाचला तर येतात ५९,४५६, आणि दशांश संख्या वाचली तर दशांश चिन्हानंतर चाळीस शून्यं आणि मग ८३. दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणाऱ्या पडद्यावर याचं निव्वळ ०.०० होतं. सांडपाण्याचा पीएच शून्य! असं पाणी तीव्र आम्लच म्हणायला हवं, आणि आकडा इतका वेडगळ असला की निदान कुणाला तरी संशय येतो. खरा धोका त्या चुकांचा, ज्या बेमालूम मिसळून जातात.

कारखान्यांमध्ये ही यंत्रं एकमेकांशी बऱ्याच ठिकाणी मॉडबस नावाच्या पद्धतीने बोलतात. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने ती १९७९ मध्ये आणली. साधी आणि खुली असल्यामुळे ती अजून टिकून आहे. तिच्यात माहिती १६ बिटांच्या, म्हणजे दोन-दोन बाइटांच्या रजिस्टरांत जाते. चार बाइटांची दशांश संख्या दोन रजिस्टरांत विभागावी लागते, आणि त्या दोघांपैकी आधी कोण हे मूळ पद्धतीत ठरलेलंच नाही. एक बनवणारा एक क्रम धरतो, दुसरा दुसरा. म्हणूनच इन्स्ट्रुमेंटवाल्या मंडळींच्या तोंडी ‘एबीसीडी’ की ‘सीडीएबी’ हा सवाल असतो, आणि पॅनल जोडताना आकडा जुळेपर्यंत एकेक क्रम लावून बघितला जातो.

यंत्राचं पूर्ण उत्तर असं दिसतं: १, ३, ४, ६४, २३२, ०, ०, आणि शेवटी चुका पकडण्यासाठी दोन बाइट. पहिला १ हा यंत्राचा क्रमांक, ३ म्हणजे ‘रजिस्टर वाचून पाठव’ या आज्ञेचं उत्तर, ४ म्हणजे पुढे चार बाइट माहितीचे आहेत. गंमत म्हणजे माहितीच्या रजिस्टरांत मोठा बाइट आधी येतो आणि शेवटच्या तपासणीच्या जोडीत लहान. नऊ बाइटांच्या एका निरोपात दोन उलटसुलट रिवाज!

आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासमोरचा मोह बघावा. हे नऊ बाइट मेमरीत ओळीने पडलेले आहेत. चौथ्या बाइटचा पत्ता घ्यायचा, कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचं प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या साधनाला, सांगायचं की याला आता फ्लोटचा पॉइंटर समज, आणि वाचून मोकळं व्हायचं. एका ओळीत काम फत्ते. याला ‘कास्ट करणं’ म्हणतात. सी भाषा त्याला हरकत घेत नाही, आणि अनेकदा लॅपटॉपवर ते चालूनही जातं.

पण त्या एका ओळीत तीन ठिकाणी पाणी मुरतं. पहिलं ठिकाण क्रमाचं, ते वर आलंच. दुसरं पत्त्याचं. चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असावी अशी अनेक प्रोसेसरांची अपेक्षा असते. मॉडबसच्या उत्तरात माहितीच्या आधी तीन बाइट असतात, त्यामुळे निरोप नेमक्या पत्त्यावर सुरू झाला तर संख्या हमखास आडनिड्या पत्त्यावर पडते. लॅपटॉपमधला इंटेलच्या घराण्यातला प्रोसेसर ते निमूटपणे सांभाळून घेतो. डेटा लॉगरमध्ये, म्हणजे आकडे घेणाऱ्या त्या पेटीत, एआरएम कंपनीच्या रचनेचा कॉर्टेक्स-एम०सारखा छोटा नियंत्रक असेल, तर तो तिथल्या तिथे चूक जाहीर करून थांबतो. कॉर्टेक्स-एम४ची तऱ्हा आणखी वेगळी. तो आडनिड्या पत्त्यावरून साधा पूर्णांक वाचू देतो, पण दशांश संख्येसाठी असलेली त्याची खास आज्ञा त्याच पत्त्यावर अडते. म्हणजे चिप तीच, पत्ता तोच, आणि पॉइंटरचा प्रकार बदलला की एकदा चालतं, एकदा बंद पडतं.

तिसरं ठिकाण सर्वांत फसवं. सी भाषेच्या प्रमाणकानुसार कंपायलरला असं धरून चालायची मुभा आहे की, पूर्णांकाचा पॉइंटर आणि दशांश संख्येचा पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवणार नाहीत. या गृहीतकावर तो आज्ञांचा क्रम बदलतो, काही वाचनं गाळतो. चाचणीच्या वेळी हे सुधारणेचं काम बहुधा बंद ठेवलेलं असतं. अंतिम आवृत्ती बनवताना ते चालू होतं आणि आकडे फिरतात. लिनक्सच्या कर्नलने हा विषयच निकालात काढला आहे. तो कंपायलरला स्पष्ट सांगतो की असं काही गृहीत धरू नकोस. या नियमाला भाषेने एक मोठा अपवाद ठेवलाय, तो कॅरेक्टर पॉइंटरचा. कोणत्याही वस्तूचे बाइट कॅरेक्टर पॉइंटरने वाचायला पूर्ण परवानगी आहे. एकेका बाइटच्या पत्त्याला आडनिडं असण्याचा प्रश्नही येत नाही.

कॅरेक्टर, म्हणजे अक्षर, या नावाच्या प्रकाराकडे हे काम कसं आलं, हे इतिहासात दिसतं. केन थॉम्प्सन यांच्या ‘बी’ भाषेत प्रकारच नव्हते. सगळं एका ठरावीक रुंदीचा शब्द. पीडीपी-११ या संगणकात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता, आणि तिथे बी भाषेचं घोडं अडलं. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी घडवली, तेव्हा बाइटएवढ्या प्रकाराला अक्षराचं नाव मिळालं. १९७८ मध्ये कर्निहन आणि रिची यांचं पुस्तक आलं, तेव्हा ‘कुठलीही मेमरी’ म्हणायचं तर कॅरेक्टर पॉइंटरच वापरत. व्हॉइड पॉइंटर अधिकृत झाला १९८९ च्या प्रमाणकात. १९९९ मध्ये नेमक्या आठ बिटांचा, कधीच ऋण न होणारा प्रकार स्वतःच्या नावाने आला, आणि सी प्लस प्लसने २०१७ मध्ये ‘बाइट’ नावाचा खास प्रकार दिला, ज्याच्यावर बेरीज-वजाबाकी करताच येत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या या वाटचालीत भाषा एकच गोष्ट हळूहळू वेगळी काढत गेल्या: अक्षर निराळं, लहान संख्या निराळी आणि अजून अर्थ न लावलेला बाइट निराळा.

साध्या ‘कॅरेक्टर’मध्ये हे तिन्ही अजून एकत्र नांदतात, आणि आपल्या सव्वासाताचा बळी तिथेच जातो. साधा कॅरेक्टर ऋण होऊ शकतो की नाही, हे सी भाषेने ठरवलेलं नाही. इंटेलच्या यंत्रांवर तो रिवाजाने ऋण होतो, एआरएमवर रिवाजाने होत नाही. त्यामुळे २३२ हा बाइट एआरएमच्या पेटीत २३२ असतो आणि कार्यालयातल्या संगणकावर उणे २४. चार बाइट एकेक करून उचलून, डावीकडे सरकवून जोडणारा एखादा अगदी काळजीपूर्वक लिहिलेला, पण कॅरेक्टर ऋण धरणाऱ्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम घ्या. क्रम बरोबर आहे, पत्त्याची अडचण नाही. पण उणे २४ ला मोठ्या संख्येत बसवताना त्याच्या डावीकडचे सगळे बिट १ होतात, आणि आधी ठेवलेल्या ६४ ला ते गिळून टाकतात. जोडून जे तयार होतं, त्याला दशांश संख्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ‘नॅन’, म्हणजे संख्या नसलेलं काहीतरी, म्हणतात.

आणि हे नेहमी होत नाही, हीच खरी अडचण. पीएच साडेतीन असेल तर बाइट असतात ६४, ९६, ०, ०. साडेआठ असेल तर ६५, ८, ०, ०. चारही बाइट १२८ च्या आत, त्यामुळे उत्तर अचूक. चाचणी घेणारा असे सुटसुटीत आकडे टाकून पाहतो, सगळं जुळतं, आणि पेटी साइटवर जाते. तिथे पाणी उत्तम, पीएच सव्वासात, आणि मंडळाच्या सर्व्हरवर मात्र रिकामी जागा. यंत्र बंद ठेवल्याचा आळ कारखान्यावर, तर कारखान्याला संशय पीएचच्या इलेक्ट्रोडवर. ‘अनसाइन्ड’ हा एक शब्द लिहायचा राहिला, असं कुणाच्या मनातही येत नाही.

पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला याच दुखण्याचं वेगळं रूप भेटतं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि गावांनी रात्री तंबूंत काढल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने तिथे भूकंपमापकं बसवली. अशा यंत्रांचं प्रत्येक वाचन साधारणपणे २४ बिटांचं, म्हणजे तीन बाइटांचं असतं. सी भाषेच्या नेहमीच्या प्रकारांत तीन बाइटांचा पूर्णांक नाही. कुणी चार बाइटांचा पॉइंटर लावला तर तो पुढच्या वाचनाचा एक बाइट ओढून घेतो, आणि शेवटच्या वाचनाला तर मेमरीत आखलेल्या जागेच्या बाहेर हात घालतो. जमीन दोन्ही दिशांना हलते, म्हणून इथे ऋण चिन्ह हवंच असतं, पण ते तीन बाइट जोडून झाल्यावर, सर्वांत वरचा बिट बघून. प्रत्येक बाइटला वेगळं चिन्ह लावलं तर आलेख काल्पनिक हादरे दाखवील. जगभर भूकंपाची नोंद ज्या ‘मिनीसीड’ स्वरूपात साठवली जात आली, त्यात मोठा बाइट आधी ठेवायचा प्रघात. ती उघडणारे संगणक बहुतेक लहान बाइट आधी धरणारे. तिथेही तोच उपाय करावा लागतो: चिन्हरहित बाइट पॉइंटरने एकेक बाइट वाचायचा आणि अर्थ एकाच जागी, उघडपणे लावायचा.

तारापूर म्हटलं की बाहेरच्यांना अणुऊर्जा केंद्रच आठवतं. १९६९ मध्ये पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या, तेव्हा जगातला पहिला व्यावसायिक मायक्रोप्रोसेसर यायलाही दोन वर्षं होती. स्वदेशी बनावटीच्या, ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्यांनी २००५-०६ मध्ये व्यावसायिक उत्पादन सुरू केलं, तेव्हा नियंत्रणाच्या कामात संगणक आलेले होते. या क्षेत्रात कच्च्या मेमरीला हात लावण्याबद्दलची शिस्त कडक असते. ब्रिटनच्या मोटार उद्योगातून १९९८ मध्ये ‘मिस्रा सी’ नावाची नियमावली निघाली. तिच्या २०१२ च्या आवृत्तीत एका प्रकारच्या वस्तूचा पॉइंटर दुसऱ्या प्रकारचा समजायला मनाई आहे; सूट आहे ती कॅरेक्टरच्या प्रकारांना. व्हॉइड पॉइंटरवरून पुन्हा ठोस प्रकाराकडे येणंही टाळावं, असं ती सुचवते. मिस्राच्या चौकटीत लिहिलेल्या प्रोग्रॅमांची गणिती पद्धतीने तपासणी करणारं ‘एस’ नावाचं साधन भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आयआयटी मुंबई यांच्या अभियंत्यांनी बनवलं आणि २००२ मध्ये त्याबद्दल शोधनिबंध सादर केला. भट्टीसाठी जी काळजी योग्य मानली गेली, ती कुंपणापलीकडच्या रासायनिक वसाहतीत डेटा लॉगर बनवणाऱ्याला परवडणार नाही असं मानायचं कारण नाही. नियमावली सगळ्यांसाठी उपलब्ध आहे, आणि तिच्यातल्या काही नियमांचा भंग कंपायलरच्या सूचना चालू ठेवल्या तरी लक्षात येतो.

मात्र बाइट पॉइंटर सगळीकडे योग्य, असंही नाही. त्याच पेटीत तारेवरून आलेला बाइट नियंत्रकाच्या ज्या रजिस्टरात येऊन थांबतो (हे मॉडबसचं रजिस्टर नव्हे), ते रजिस्टरही मेमरीतल्या एका पत्त्यावरच असतं. पण ती साधी मेमरी नव्हे. नुसतं वाचलं तरी तिथली स्थिती बदलते. बाइट उचलला गेला असं समजून यंत्रणा पुढचा स्वीकारायला तयार होते. काही नियंत्रकांत हे रजिस्टर ठरलेल्या रुंदीनेच वाचावं लागतं, एकेक बाइट तोडून वाचणं चालत नाही. इथे नेमक्या रुंदीचा, चिन्हरहित आणि ‘व्होलाटाइल’ असा शेरा मारलेला पॉइंटर लागतो. हा शेरा कंपायलरला बजावतो की मी जितक्या वेळा वाच म्हणेन तितक्या वेळा खरोखर वाच. तो नसेल तर ‘बाइट आला का, बाइट आला का’ असं विचारत बसलेल्या प्रोग्रॅमचं उत्तर कंपायलर एकदाच वाचून लक्षात ठेवू शकतो, आणि पेटी अनंतकाळ वाट बघत राहते.

पॉइंटरला आणखी एक गोष्ट ठाऊक नसते, ती म्हणजे कुठे थांबायचं. मॉडबसच्या उत्तरातला तिसरा बाइट म्हणतो, पुढे चार बाइट आहेत. तारेवरच्या गडबडीने तिथे २०० आले आणि प्रोग्रॅमने तपासणी न करता विश्वास ठेवला, तर तो दुसऱ्याच कुणाची मेमरी माहिती म्हणून वाचेल. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीला आलेल्या ‘हार्टब्लीड’ दोषात हेच झालं. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी मानून ओपनएसएसएल ही सुरक्षित संपर्काची प्रणाली वापरणारे सर्व्हर एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत आपली मेमरी परक्याच्या हाती देत होते. आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशाच गफलतींतून येतात, असं मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये मांडलं. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली रस्ट भाषा पत्ता आणि लांबी एकत्र बांधूनच देते. आडनिड्या पत्त्यावरून वाचायचं, व्होलाटाइल वाचायचं, मोठा बाइट आधी धरून चार बाइटांची दशांश संख्या करायची, यांतल्या प्रत्येक कामाला तिथे वेगळं नाव आहे. कोड वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा इरादा नावावरूनच कळतो.

सीमध्येच राहायचं तरी मार्ग अवघड नाही. आठ बिटांच्या चिन्हरहित पॉइंटरने चार बाइट उचलायचे, यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या क्रमाने जोडून ३२ बिटांची संख्या करायची, आणि बाइट जसेच्या तसे उतरवणाऱ्या ‘मेमकॉपी’ने ती फ्लोटच्या जागेत ठेवायची. हे संथ होईल ही भीती जुनी आहे. आजचे कंपायलर अशा चार बाइटांच्या मेमकॉपीची बहुधा एकच आज्ञा करून टाकतात.

आधीच बसवलेल्या पेट्यांचं काय, हा प्रश्न उरतो. त्यांचा कोड साइटवरच्या माणसाला दिसत नाही, पण परीक्षा त्याला घेता येते. पीएचचं यंत्र जुळवताना इलेक्ट्रोड ४, ७ आणि ९.२ च्या प्रमाण द्रावणांत बुडवतात, आणि आकडा बहुधा यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर बघतात. त्याच वेळी तो डेटा लॉगरवर आणि सर्व्हरवरही बघून टिपून ठेवावा. ४ पासून ८ च्या खालपर्यंतच्या प्रत्येक पीएचचा दुसरा बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, त्यामुळे चिन्हाची चूक असेल तर ४ आणि ७ च्या द्रावणांत ती लगेच उघडी पडते. ९.२ चं द्रावण या कामाचं नाही. त्याचे बाइट ६५, १९, ५१, ५१. चारही १२८ च्या आत असल्यामुळे सदोष प्रोग्रॅमसुद्धा ते बरोबर दाखवतो.